मागील बाकी

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातल्या माणसांचे दोन पक्ष पडतात. एक टाकणाऱ्यांचा आणि एक राखणाऱ्यांचा. आमच्या घरी पहिल्या पक्षाचे पुढारीपण सूनबाईंकडे आहे, आणि दुसऱ्या पक्षात मी एकटाच उरलो आहे. यंदा माझ्या टेबलाचा खालचा खण उपसला गेला. शाई वाळलेली पेने, काच तडकलेला चष्मा, कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका असा नेहमीचा ऐवज निघाला. आणि त्या ढिगातून घरंगळत एक पितळी बिल्ला जमिनीवर पडला. वर दोरी ओवण्यासाठी भोक, आणि मध्ये ठोकून उमटविलेला एकच आकडा : १.

नातवाने तो झडप घालून उचलला. "आजोबा, तुमचा पहिला नंबर आला होता?"

"नाही रे," मी म्हणालो, "पहिला नंबर दुसऱ्याच एका माणसाचा होता. मी तो त्याच्याकडून काढून घेतला."

पोराला त्या उत्तरात काही गोडी वाटली नाही. बिल्ला माझ्या हातावर ठेवून तो खाली किल्ला करायला पळाला. मी मात्र तो बिल्ला हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो.

चिंचवडला एका मोठ्या कारखान्यात मी बत्तीस वर्षे नोकरी केली. तेवढ्या काळात माझ्या खोलीच्या दारावरची पाटी तीनदा बदलली. पहिली पाटी 'वेल्फेअर ऑफिसर' अशी होती. ज्या कारखान्यात पाचशे वा अधिक कामगार असतील त्याने असा अधिकारी नेमलाच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमात लिहिले होते, म्हणून मला नेमले होते. पुढे मी 'पर्सोनेल मॅनेजर' झालो. शेवटी एके दिवशी सुतार येऊन 'ह्यूमन रिसोर्सेस' अशी पाटी लावून गेला. त्या दिवशी मी पेढे वाटले. रिसोर्स म्हणजे साधनसंपत्ती. कोळसा, पाणी, लोखंड, पैसा यांच्या पंक्तीला त्या शब्दाने माणसाला बसविले आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. साधनसंपत्ती मोजता येते, साठविता येते, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळविता येते. माणूस असा वळविता येतो काय, हा प्रश्न माझ्यापुढे १९९४ साली उभा राहिला.

त्या सुमारास आमच्या पट्ट्यात कारखान्यांची मोठी उलथापालथ चालली होती. १९९१ च्या नव्या औद्योगिक धोरणानंतर स्पर्धा वाढली. लहान कारखाने मोठ्यांच्या पोटात जाऊ लागले. आमच्या कंपनीने भोसरीतला एक लहान कारखाना विकत घेतला. तेथे पत्र्याचे सुटे भाग ठोकण्याचे डाय बनत. शंभर-सव्वाशे माणसे, जुन्या लेथ, आणि मालक स्वतः हातात कॅलिपर घेऊन फिरणारा. त्याचे वय झाले होते, मुले परदेशी होती. त्याने कारखाना विकला यात गैर काहीच नव्हते. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी आमच्या मोठ्या साहेबांनी दोन्हींकडच्या लोकांपुढे भाषण केले. "हे लग्न आहे," ते म्हणाले, "आता दोन घरे एक झाली." टाळ्या पडल्या. मग मला खोलीत बोलावून त्यांनी सांगितले, "दिवाळीपर्यंत सगळे एकजीव झाले पाहिजे."

एकजीव करणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरे वाटणार नाही. कंपन्यांचे विलीनीकरण वर्तमानपत्रांत कोटींच्या आकड्यांनी होते. कारखान्यात ते चहाच्या कपाने होते. भोसरीला चहा किटलीतून प्रत्येकाच्या यंत्रापाशी येत असे. आमच्याकडे घंटा झाली की कँटीनमध्ये रांग लावायची. भोसरीला मुलीच्या लग्नासाठी उचल हवी असेल तर मालकाच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे, संध्याकाळपर्यंत पैसे हातात; आमच्याकडे तीन प्रतींत अर्ज. त्यांचा गणवेश खाकी, आमचा निळा. त्यांच्याकडे कामगारांच्या तीन श्रेणी, आमच्याकडे सात. त्यांचा दिवाळीचा बोनस मालक स्वतः पाकिटात घालून देई आणि बरोबर मिठाईचा पुडा असे. आमचा बोनस युनियनशी झालेल्या करारानुसार बँकेत जमा होई. पगाराच्या बाबतीत आमची पद्धत त्यांना फायद्याची होती, हेही सांगितले पाहिजे. बहुतेकांचा पगार वाढला. तरीही पहिले कित्येक दिवस ती माणसे कँटीनच्या एका कोपऱ्यात, पाहुण्यांच्या घरी बसावे तशी अंग चोरून बसत.

मी चार महिन्यांत सारे जुळवून टाकले. तीन श्रेणी सातांत बसविल्या. साडेतीनशे आणि सव्वाशे माणसांची एक ज्येष्ठता यादी केली. जुने पितळी बिल्ले गोळा करून चार आकडी नंबरांची नवी ओळखपत्रे दिली. ज्येष्ठतेसाठी एकच कसोटी ठेवली : कागदोपत्री नोंदलेली रुजू होण्याची तारीख. या कसोटीत वशिला नाही, मर्जी नाही, आवडनिवड नाही. ती यादी फलकावर लागली तेव्हा मला समाधान वाटले होते. आपण न्याय केला, असे मला मनापासून वाटले होते.

भोसरीच्या कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर 'मामा' नावाने ओळखले जात. चाकणजवळच्या एका खेड्यातले. १९६६ साली मालकाने दोन भागीदारांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केले, तेव्हा पहिली लेथ बैलगाडीतून उतरवून घ्यायला मामा होते. पहिला बिल्ला त्यांचा. पुढे १९७२ मध्ये भागीदारी मोडून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. कंपनीच्या दप्तरात मामांची रुजू तारीख १९७२ ची पडली, कारण त्याआधी ती कंपनीच नव्हती. माझ्या यादीत मामा १९७२ चे ठरले आणि त्यांचे नाव एका टूलरूम फिटरच्या खाली गेले. हा फिटर १९६८ साली पोरवयात भोसरीला मामांच्या हाताखाली कानस धरायला शिकला होता, आणि १९७० मध्ये आमच्याकडे येऊन चिकटला होता. गुरू खाली, शिष्य वर.

आधी तो फिटरच माझ्याकडे आला. दारात घुटमळत म्हणाला, "साहेब, मामांच्या वर माझं नाव बरं दिसत नाही. मी लेखी देतो. त्यांना वर घ्या."

मी त्याला समजावले, की ज्येष्ठता ही कुणी कुणाला भेट द्यायची वस्तू नाही. असा पायंडा पडला तर उद्या प्रत्येक जण कुणाला तरी वर घ्या म्हणून येईल. तो मान खाली घालून गेला.

दोन दिवसांनी मामा आले. मी त्यांना बसायला सांगितले. ते बसले नाहीत. तक्रार नाही, आवाज चढलेला नाही. टोपी हातात घेऊन म्हणाले, "साहेब, वर-खाली असू द्या. फक्त एवढं सांगा, सहासष्टपासून भात्तरपर्यंत सहा वर्षं मी कुठं होतो?"

मी म्हणालो, "मामा, तुम्ही होता हे मला ठाऊक आहे. पण कागदावर नाही."

"बरं," म्हणाले. खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "मग हाही कागदावर नसंल."

खंडेनवमीला भोसरीच्या कारखान्यात यंत्रांची पूजा मामांच्या हातून होत असे. नारळ तेच वाढवीत. त्या वर्षी एकत्र पूजा झाली आणि नारळ आमच्या जनरल मॅनेजरांनी वाढविला. मामा चौथ्या रांगेत उभे होते. पुढल्या वर्षी स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांचा अर्ज आला. जमा केलेले पितळी बिल्ले भंगारात गेले. तो एक मी खणात का टाकला, हे मला तेव्हा सांगता आले नसते.

आता प्रश्न असा, की माझे चुकले काय? वरिष्ठांनी माझी बाजूच घेतली असती, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. दोन कारखाने एक झाल्यावर दोन याद्या, दोन रिवाज, दोन श्रेणी चालू ठेवल्या तर ते कधीच एक होत नाहीत. वर्षानुवर्षे 'त्यांचे' आणि 'आपले' हेच चालते. नियम एकच असावा, तो कोरडा असावा, आणि तो सर्वांना सारखा लागावा, यातच दुबळ्यांचे रक्षण असते. शिवाय आम्ही घेतला नसता तर तो कारखाना कदाचित कुलूप लागून बसला असता. सव्वाशे घरांची चूल पेटती राहिली, त्यापुढे एका माणसाच्या सहा वर्षांची किंमत ती काय? हा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळ वेळा केला आहे. तो मला खोटा वाटत नाही. पण मामांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

हा प्रश्न आमच्या कायद्यापुढेही फार पूर्वी आला होता, आणि तोही आपल्याच मुलखातून. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी पाहिली ते आता थोडेच उरले असतील. १८९७ मध्ये सुरू झालेली ही अरुंद रुळांची गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरज इथवर गेली. ती एका खाजगी इंग्रजी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. कंपनीने आपल्या सर्व कामगारांना नोटीस दिली होती, की ३१ डिसेंबर १९५३ च्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली. त्यांतल्या बहुतेकांना सरकारी रेल्वेने कामावर घेतले. रूळ तेच, इंजिन तेच, झेंडी दाखविणारा हातही पुष्कळ ठिकाणी तोच. पण रात्रीच्या बारा ठोक्यांनी त्या हाताचे मागले आयुष्य कापून टाकले. आमची नोकरी तोडली, तर त्याची भरपाई द्या, असे म्हणत कामगार न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की धंदा चालू असताना जादा माणसे कमी करणे ही कायद्याच्या अर्थाने छाटणी. धंदाच बंद झाला वा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती छाटणी नव्हे. कायद्याचे शब्द पाहता निर्णय तसाच होणे प्राप्त होते. तेव्हा १९५७ साली संसदेने शब्दच बदलले. औद्योगिक विवाद अधिनियमातले कलम नव्याने लिहिले गेले : कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर कामगाराला भरपाई मिळाली पाहिजे, नवा मालक त्याची नोकरी अखंड धरीत असेल, अटी पूर्वीपेक्षा कमी करीत नसेल, आणि पुढे कधी काढण्याची वेळ आली तर मागली सारी वर्षे मोजण्याचे बंधन स्वीकारीत असेल, तरच भरपाई नाही. हेच तत्त्व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आले आहे.

या कलमाचा मला फार आदर वाटतो. मालक बदलला तरी माणसाचा भूतकाळ बदलत नाही, एवढे सत्य त्याने मान्य केले. तथापि कायदा वर्षे मोजतो; ती वर्षे कुठल्या बासनात सापडतील ते शोधून काढणे त्याच्या हाती नसते. ते काम माझ्यासारख्याचे होते. आणि आणखी एक गोष्ट कायद्याने सांगितली नव्हती. ती मला विलायतेतल्या एका खाणकामगाराच्या खटल्यात सापडली.

नोक्स नावाचा हा गृहस्थ यॉर्कशरमधल्या एका कोळसा खाणीत कामाला होता. १९३७ मध्ये त्याची कंपनी डॉनकॅस्टरच्या एका मोठ्या कंपनीत न्यायालयाच्या हुकुमाने विलीन झाली. तो एके दिवशी कामावर गेला नाही, म्हणून नव्या कंपनीने त्याच्यावर कराराच्या भंगाची फिर्याद केली. प्रश्न उभा राहिला, की नोक्सचा करार मुळात नव्या कंपनीशी होता का? खाणीची जमीन, यंत्रे, देणी, येणी सारे हुकुमाबरोबर नव्या कंपनीकडे गेले. त्याबरोबर नोक्सही गेला का? १९४० मध्ये लॉर्ड्सच्या न्यायसभेने उत्तर दिले : नाही. आपण कुणाची चाकरी करावी हे निवडण्याचा अधिकार हाच चाकर आणि गुलाम यांच्यातला फरक आहे, आणि तो अधिकार माणसाला न विचारता कुणालाही हस्तांतरित करता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. हा निर्णय मी निवृत्तीनंतर वाचला. वाचल्यावर साहेबांचे ते लग्नाचे भाषण आठवले. लग्नात निदान आता तरी मुलीला विचारतात.

आणि विलायतेपर्यंत जाण्याची तरी काय गरज? परवा खाली उतरून पाहतो, तो पोरांनी यंदा चाकणचा भुईकोट बांधायला घेतला आहे. १६६० साली शाइस्तेखानाने या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने तो लढविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला गेला. खान त्याच्या शौर्यावर खूश झाला आणि त्याने फिरंगोजीला मोगलांची चाकरी देऊ केली. फिरंगोजीने ती नाकारली आणि तो शिवाजीमहाराजांकडे परत गेला. किल्ला हस्तांतरित झाला. किल्लेदार झाला नाही. आज ज्या चाकणमध्ये ट्रक आणि मोटारी बनतात, त्याच चाकणच्या तटाखाली हा न्याय डॉनकॅस्टरच्या पावणेतीनशे वर्षे आधी झाला होता.

परंतु येथे मला थांबून एक गोष्ट कबूल करावी लागेल. फिरंगोजीला परत जायला शिवाजीमहाराज होते. मामांना कोण होते? पन्नाशीच्या कामगाराला 'तुला नको असेल तर जा' असे म्हणणे हे स्वातंत्र्य नव्हे. ती दाराकडे दाखविलेली बोटे आहेत. तेव्हा नुसती निघून जाण्याची मोकळीक पुरत नाही. जो राहतो त्यालाही कुणी तरी विचारले पाहिजे : तू काय घेऊन येतो आहेस? तुझे काय राखायचे? मी सव्वाशे माणसांचे मोजमाप घेतले, तारखा घेतल्या, गणवेशाची मापे घेतली. हा प्रश्न मात्र एकालाही विचारला नाही. फिटरने उत्तर आपण होऊन आणून दिले होते. मी त्याला पायंड्याची भीती घालून परत पाठविले. ज्या दोघांमध्ये तंटा व्हायचा त्या दोघांनीच तो मिटविला होता, आणि मी, ज्याला माणसे जुळविण्याचा पगार मिळत होता, तो मध्ये आलो.

माझ्या निवृत्तीच्या काळात मला जुनी कागदपत्रे वाचण्याचा नाद लागला. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देवस्थानाला गावे इनाम होती, हे आम्हा चिंचवडकरांना माहीत असते. त्या काळच्या सनदांतून गाव देताना काय काय दिले याची एक ठरलेली जंत्री येते : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप. पाण्यापासून पुरलेल्या ठेव्यापर्यंत सगळे. आणि त्या जंत्रीला जोडून आणखी चार शब्द असतात : 'हक्कदार व इनामदार खेरीज करून'. म्हणजे, बाबा रे, गाव तुला दिला, गवताची काडीही तुझी. पण या गावात ज्यांचे हक्क आधीपासून आहेत ते आम्ही तुला दिलेले नाहीत, कारण ते आमचे नव्हतेच. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होते आणि ते हक्कही सर्वांच्या वाट्याला आले नव्हते, हे मी विसरत नाही. पण लिहिणाऱ्या कारकुनाला एक गोष्ट ठाऊक होती : देणाऱ्याला जे आपले नाही ते देता येत नाही, आणि घेणाऱ्याला ते घेता येत नाही. मामांची सहा वर्षे भोसरीच्या मालकाने विकलेली नव्हती. ती त्याची नव्हतीच. मग ती पुसून टाकण्याचा अधिकार आमच्या कंपनीकडे कुठून आला?

हे सारे जुने झाले असे कुणी म्हणू नये. २०१९ मध्ये फोक्सवॅगनच्या दोन आणि स्कोडाची एक अशा तीन भारतीय कंपन्या विलीन होऊन एक कंपनी झाली. तिचे एक घर चाकणला, दुसरे छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. चाकणपासून जवळच तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला. त्यात जमीन होती, इमारती होत्या आणि काही यंत्रे होती. कामगारांना त्याआधीच घरी बसावे लागले होते आणि त्यांची युनियन न्यायालयात गेली होती. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण. उलट, पिंपरीत ज्यांचा मोठा कारखाना आहे त्या टाटा मोटर्सने २००४ मध्ये दक्षिण कोरियातला देवूचा ट्रक कारखाना घेतला तेव्हा नव्या नावात 'देवू' राखले, आणि २००८ मध्ये जग्वार व लँड रोव्हर घेतल्या तेव्हा त्या नावांना हात लावला नाही. बाजारात नावाला किंमत असते म्हणून ते राखले, असे कुणी म्हणेल. ते खरेही असेल. पण मालाच्या नावाला किंमत आहे हे ज्याला कळते, त्याला माणसाच्या नावाची किंमत कळायला फार लांब जावे लागत नाही.

आता मामांची गोष्ट पुरी करतो. १९९७ मध्ये भोसरीची जुनी शेड पाडायचे ठरले. माळ्यावरचे सामान खाली आले, त्यात पोत्यात बांधलेली हजेरीपुस्तके निघाली. भागीदारीच्या काळातली, उंदरांनी कडा खाल्लेली. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत मामांचे नाव होते. सहा वर्षांची हजेरी, महिन्यागणिक सही. तीन वर्षांपूर्वी मी त्या माळ्यावर अर्धा तास चढलो असतो तर ती तेव्हाच सापडली असती. मी चढलो नव्हतो. वरिष्ठांशी दोन महिने पत्रव्यवहार करून मी सेवेचा नवा दाखला टंकून घेतला, रुजू तारीख १९६६ ची घालून, आणि दिवाळीच्या पाडव्याला तो घेऊन मामांच्या गावी गेलो.

मामा कांद्याच्या रोपांत होते. हात धुऊन आले. चष्मा नव्हता, म्हणून नातीने दाखला वाचून दाखविला. मी मनाशी ठरवून गेलो होतो, की आता त्यांचे डोळे भरून येतील, ते काही बोलतील. मामा म्हणाले, "म्हंजे सहा वर्षांची ग्रॅच्युइटी राहिली का हो, साहेब?"

क्षणभर मला ओशाळल्यासारखे झाले. मी मान द्यायला आलो होतो, आणि यांनी हिशेब काढला. पण परतीच्या वाटेवर एसटीत बसल्या बसल्या माझीच मला लाज वाटली. मान एका बाजूला आणि पैसा दुसऱ्या बाजूला, ही वाटणी ज्याचा पगार वेळेवर होतो त्याची आहे. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा मामांच्या सहा वर्षांचा भाव होता; तो मागितल्याशिवाय ती वर्षे खरोखर आपली झाली, असे त्यांनी का मानावे? नुसता कागद देऊन मोकळे होणे माझ्या सोयीचे होते. ते पैसे मिळवून द्यायला मला आणखी पाच महिने लागले, आणि माझ्या सबंध नोकरीतले तेवढे पाच महिने मला निखळ समाधानाचे वाटतात.

निघताना मी बिल्ला त्यांच्यापुढे केला होता. त्यांनी तो उलटून पाहिला आणि परत माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "असू द्या तुमच्यापाशी. पुढच्या येळंला ध्यानात राहील."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गल्लीतला वाणी अजूनही नवी वही पूजेला मांडतो. लाल कापडाची, कोरी करकरीत. पूजा झाली की पहिल्या पानावर 'श्री' काढतो. पण पाडव्याला ती वही उघडल्यावर पहिले काम तो काय करतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे : जुन्या वहीच्या शेवटच्या पानावरून एकेकाची मागील बाकी नव्या पानावर उतरवून घेतो. दुकान मुलाच्या नावावर झाले तेव्हाही त्याने तेच केले. नवी वही झाली म्हणून जुने देणे फिटले, असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. मला बत्तीस वर्षांत जे जमले नाही, ते त्याच्या दौतीला ठाऊक आहे.

सूनबाईंनी खण पुसून कोरा कागद घातला आहे. बिल्ला मी परत आत ठेवला.